‘अपडेटनंतर एसी कोणाचंच ऐकेना’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार वहिनी,

तुम्ही एक स्टार दिलात, तो आम्ही कमावलेलाच आहे. रात्री थर्मोस्टॅटचा, म्हणजे भिंतीवरून एसीचं तापमान ठरवणाऱ्या यंत्राचा, अपडेट आला, सकाळी भिंतीवर संपर्क तुटल्याची खूण लुकलुकत होती, हॉलमधला एसी १८ वर अडकला आणि काही केल्या बंद होईना, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या दुकानातला मुलगा तीनदा आला, तिन्ही वेळा राउटर बंद-चालू करून ३५० रुपये घेऊन गेला आणि शेवटी ‘बोर्ड गेलाय, १४ हजार लागतील’ असं सांगून गेला. तेही गणेशचवथीच्या तोंडावर. घर माणसांनी भरलेलं, माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची आरास) बांधायची राहिलेली आणि सासूबाई गोधडी पांघरून बसलेल्या. अखेर तुम्हीच एमसीबी, म्हणजे एसीच्या विजेचा खटका, पाडलात. यातला शब्दन्‌शब्द खरा आहे.

काल मी स्वतः तुमच्याकडे येऊन गेलो, मशीनं आता चालू आहेत. तरी इथं सविस्तर लिहितो, कारण हाच थर्मोस्टॅट आम्ही इतर घरांतही बसवलाय आणि त्यांनाही हे कळायला हवं.

पहिल्याच फोनवर तुम्ही म्हणाला होता, ‘मोबाइलवर २४ केलं की भिंतीवरही २४ दिसतं, पण वारा तसाच गार.’ दुखणं कुठं आहे ते त्या एका वाक्यात होतं. थर्मोस्टॅटला दोन बाजूंशी बोलावं लागतं. एका बाजूला वाय-फायवरून मोबाइलशी, दुसऱ्या बाजूला भिंतीतून गेलेल्या दोन बारीक तारांवरून छतातल्या एसीच्या मशीनशी. मोबाइलवरचा आकडा भिंतीवर उमटतोय म्हणजे वाय-फायची बाजू ठणठणीत. मग राउटरला हात लावायचं कारणच नव्हतं. आमच्या माणसानं तुमचं वाक्य ऐकलं, पण त्यावर विचार केला नाही.

तो राउटरकडे का धावला, तेही सांगतो. आपल्या अंत्रूज महालातली, म्हणजे फोंड्याकडची, जुनी घरं चिऱ्याची, भिंती दीड-दीड फूट जाड. राजांगणाच्या (घरातल्या चौकाच्या) पलीकडे वाय-फाय पोचतानाच दमतं. शिवाय हा थर्मोस्टॅट फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतो, आणि नवे राउटर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाखाली देतात, त्यातून गोंधळ होतो. त्यामुळे बहुतेक तक्रारी खरंच राउटरपाशी मिटतात, आणि मुलांना तीच सवय लागते. ती सवय मोडायला मी शिकवायला हवं होतं. त्या मुलाला दोष देऊ नका, चूक माझी आहे.

आता काल काय सापडलं ते. त्या दोन तारांवर चालते ती आरएस-४८५ जोडणी, आणि त्यावरची भाषा मॉडबस. दोन्ही टोकांचा वेग आणि पॅरिटी (निरोपातली चूक पकडायची खूण) सारखी असेल तरच ती भाषा कळते. तुमची मशीनं ९६०० वेगावर, पॅरिटीशिवाय लावलेली आहेत. बसवताना थर्मोस्टॅटही आम्ही तसाच लावला होता. अपडेटनं तो मूळ सेटिंगवर नेऊन ठेवला: १९२००, इव्हन पॅरिटी. मॉडबसच्या मानकातही हीच मूळ सेटिंग आहे, म्हणून कंपनीनं काही जगावेगळं केलं असं नाही, पण आमची सेटिंग पुसली गेली. लॅपटॉप तारांना जोडून ऐकलं तर थर्मोस्टॅट सारखा विचारत होता आणि मशीन गप्प. चुकीच्या स्वरूपात आलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, हा मॉडबसचा नियमच आहे. नवा आदेश पोचत नव्हता, म्हणून मशीन आदल्या रात्रीच्या १८ ला धरून बसलं. राउटर शंभरदा बंद केला असता तरी हे सुटलं नसतं. बोर्ड तर पूर्ण चांगला आहे.

वेग आणि पॅरिटी जुळवल्यावर हॉल लगेच ऐकायला लागला. मागच्या खोलीतलं मशीन मात्र मधूनच ऐकेनासं होत होतं, आणि ते जूनपासूनच होतंय असं तुम्ही सांगितलंत. एमसीबी पाडून दोन तारांमध्ये मीटर लावला. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर असतो, म्हणजे दोन्ही मिळून मीटरवर साधारण ६० यायला हवेत. आले १२०, म्हणजे एका टोकाचा रेझिस्टर जोडलेलाच नव्हता. मागच्या टोकाचा जोड उघडला तर स्क्रू हिरवा पडलेला. पावसाळ्यातल्या ओलीनं तांबं खाल्लं होतं. तो जोड कापून नवा केलाय. ही दुरुस्ती अपडेट आला नसता तरी करावीच लागली असती, आणि जूनमध्येच आम्ही ती करायला हवी होती.

जुनं फर्मवेअर, म्हणजे थर्मोस्टॅटच्या आतला अपडेटआधीचा प्रोग्राम, परत टाका, ही तुमची मागणी मात्र मला पुरी करता येणार नाही. कंपनीनं मागे जाण्याची वाट बंद केलीय, आणि उघडी असती तरी मी गेलो नसतो, कारण अपडेटमधून सुरक्षेच्या त्रुटीही बुजवल्या जातात. पण अपडेट आपोआप येऊ देण्याची खूण बसवताना आम्हीच केली होती, तुम्हाला न विचारता. ती काढलीय. यापुढे अपडेट तुम्हाला फोन करून, ठरवलेल्या दिवशी, आमचा माणूस तिथं असताना होईल, आणि त्याआधी सेटिंगच्या पानाचा फोटो काढून तुमच्याकडेही दिला जाईल. सणाच्या आठवड्यात अजिबात नाही. हाच थर्मोस्टॅट असलेल्या बाकीच्या घरी कालपासून फोन करतोय. कोणाचा राहून गेला असेल आणि भिंतीवरचा आकडा बदलूनही वारा बदलत नसेल, तर राउटरला हात न लावता थेट मला कळवा.

तीन फेऱ्यांचे १,०५० रुपये काल तुम्ही घेतले नाहीत, ‘सणासुदीला हिशेब नको’ म्हणालात आणि वर नेवऱ्या दिल्यात. पैसे आज तुमच्या खात्यावर पाठवलेत, कृपा करून परत करू नका. १४ हजारांचा आकडा तपासणी न करता सांगितला गेला, त्याबद्दल मी तुमची आणि सासूबाईंची माफी मागतो. अशी रक्कम यापुढे मी स्वतः पाहिल्याशिवाय कोणालाही सांगितली जाणार नाही.

एक काम उरलंय. थर्मोस्टॅट पुन्हा कधी मुका झाला तरी मशीन बंद करता यावं, म्हणून तिन्ही मशीनना साध्या रिमोटचा रिसीव्हर लावायचाय, आमच्या खर्चानं. सामान दुकानात आलंय, पण त्यासाठी छतात ड्रिल करावं लागेल. तुमचा गणपती पाच दिवसांचा आहे, विसर्जन होऊ दे, मग तुम्ही सांगाल त्या सकाळी येतो.