राजवाड्यासमोरची प्रभातफेरी

१७ मेला ऑस्लोतल्या मिरवणुकीचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला आणि देवगडहून काकांचा फोन आला. हापूस संपत आलेला, म्हणजे त्यांना बोलायला वेळ होता. "रे, ह्यात रणगाडे खय दिसनत नाय ते?" म्हटलं, काका, इथे रणगाडे नसतातच. शाळेची पोरं असतात.

नॉर्वेच्या राज्यघटनेवर १७ मे १८१४ रोजी आइड्सव्हॉलला सह्या झाल्या. म्हणजे आपल्या २६ जानेवारीचा हा भाऊच. पण राजधानीत त्या दिवशी रस्ता पोरांचा. शंभरावर शाळा, प्रत्येकीच्या पुढे तिच्या नावाचा मोठा कापडी फलक, मधूनमधून शाळकरी पोरांची बँडपथकं. कार्ल योहान रस्त्यावरून सगळे राजवाड्यापर्यंत जातात आणि राजघराणं सज्जात उभं राहून हात हलवत राहतं. तासन्‌तास. (हात दुखत नसतील का, हा प्रश्न मला दरवर्षी पडतो.) पोरांना त्या दिवशी हवं तेवढं आइस्क्रीम. मोठी माणसं आपापल्या भागाचा पारंपरिक पोशाख घालून कडेला उभी. १९४० ते ४५ या काळात जर्मनांनी हे सगळं बंद पाडलं होतं, ते म्हातारी माणसं अजून सांगतात.

मला त्या गर्दीत आठवते ती आमच्या वाडीतली प्रभातफेरी. १५ ऑगस्टचा पाऊस, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कागदी झेंडा, पायाखाली चिखल. आदल्या दिवशी आम्ही तेरड्याची फुलं गोळा करायचो, झेंड्याच्या घडीत घालायला. दोरी ओढली की पाकळ्या गुरुजींच्या टोपीवर. मग लिमलेटच्या गोळ्या, आणि मोठ्यांची ग्रामसभा. तिथे व्हाळावरच्या साकवाचा, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाचा, विषय निघायचा आणि पुढच्या वर्षीही तोच निघायचा.

आमच्या ग्रुपवर ऑगस्टमध्ये वाद झडतात ते वेगळेच. ड्राय डे असावा की नसावा, जोडून सुट्टी आली की मालवणात गाडी लावायला जागा मिळत नाही, झेंडावंदनाला हजेरी सक्तीची का. चाकरमानी गणपतीला येतात तसे १५ ऑगस्टला का येत नाहीत, हाही एक. मला यातलं काहीच महत्त्वाचं वाटत नाही. वाडीतल्या शाळेचा पट सातवर आलाय. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची चर्चा राज्यात मधूनमधून होते. कागदावर त्याला 'समायोजन' म्हणतात. शाळा गेली की मुलं गाडीने दुसऱ्या गावात जातील, शिकतीलही कदाचित बरं. पण वाडीत झेंडा कोण चढवणार? पंचायत तीन किलोमीटरवर. देवळाला राष्ट्रीय सण नसतो.

काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "तुमच्या थय सात पोरांची शाळा ठेवतत?" खरं सांगायचं तर नेहमी नाही. नॉर्वेतही डोंगरदऱ्यांतल्या छोट्या शाळा बंद होत आल्यात, आणि तिथली गावंही भांडतात. मिरवणुकीत दुसऱ्या देशांचे झेंडे चालावेत का, यावरूनही इथे वाद झालेत. तेव्हा ऑस्लो म्हणजे स्वर्ग नव्हे. एवढंच, की पोरांच्या शाळेशिवाय राष्ट्रीय दिवस कसा साजरा होतो, हे इथल्या माणसाला विचारलं तर त्याला प्रश्नच कळणार नाही.

आणि आमचा पट सातवर कोणी आणला? माझी पुतणी पिवळ्या बसने कणकवलीच्या इंग्रजी शाळेत जाते. तिच्या फीत माझाही वाटा आहे. भावाला म्हटलं, निदान १५ ऑगस्टला तरी तिला वाडीच्या प्रभातफेरीत पाठव, सातच्या आठ तरी होतील.

"तिच्या शाळेत त्या दिवशी हजेरी सक्तीची असते," भाऊ म्हणाला. "बस साडेसहाला येते."