लुधियानाचा स्वेटर ‘शून्यातून’ विणलेला नाही

थंडी पडली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. १९४७ साली निर्वासित हात हलवत लुधियानाला आले, शून्यातून होजिअरीचं, म्हणजे यंत्रावर विणलेल्या कपड्यांचं, शहर उभं केलं, विलायती यंत्रांच्या नकला मारल्या आणि सरकारी मदतीशिवाय देशाला स्वेटर घातले, असा त्याचा सूर. निर्वासितांच्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे, पण यातलं बरंच चूक आहे.

आधी ते ‘शून्य’. १८३३च्या दुष्काळात काश्मीर सोडलेले शालविणकर लुधियानात स्थायिक झाले होते. १८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर युरोपातली शालींची मागणी आटली, तरी लोकर जाणणारे हात शहरातच राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला होजिअरीची यंत्रं आली. दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या ऑर्डरींवर छोटे कारखाने रात्रंदिवस चालले. म्हणजे निर्वासित उतरले ते चालत्या धंद्याच्या गावात. त्याच महिन्यांत इथले कितीतरी मुसलमान कारागीर घरदार सोडून सीमेपलीकडे गेले. ‘शून्य’ म्हटलं की ही माणसंच पुसली जातात, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचा येतो.

‘नकला’ हा शब्दही अन्यायाचा आहे. स्वेटर विणायचं, हातानं चालणारं फ्लॅट मशीन एकदा जवळून बघा. कौलारू छपराच्या दोन उतारांसारख्या दोन पोलादी पट्ट्या, त्यांत शेजारी शेजारी बारीक खाचा, प्रत्येक खाचेत एक सुई. सुईच्या टोकाला आकडा आणि आकड्याला छोटी जीभ. पट्ट्यांवरून मागेपुढे सरकणारी कॅरेज ढकलली की सुई वर जाते, जीभ उघडते, आकडा धागा पकडतो. खाली येताना जुना टाका जिभेला मिटवतो आणि वरून निसटतो. खाच जराशी वाकडी गेली की सुई अडते, टाका सुटतो. या रचनेचं पेटंट आयझॅक लॅम्ब या अमेरिकन माणसाचं, १८६०च्या दशकातलं, कधीच संपलेलं. अशा खाचा गावातच एकसारख्या उतरवणाऱ्या मिस्त्रीला नकल्या म्हणायचं? मजकुरात त्याचा मान कुठेच नाही.

सरकारी मदत नव्हती, हे तर साफ चूक. विणलेले कपडे लघुउद्योगांसाठी कित्येक वर्षं राखीव होते. ते आरक्षण २००५ साली उठलं. सोव्हिएत रशियाशी रुपयांतल्या व्यापाराचा करार होता, त्यातून लोकरी मालाच्या मोठाल्या ऑर्डरी लुधियानाला मिळायच्या. १९९१ मध्ये तो देशच फुटला आणि अनेकांचं कंबरडं मोडलं.

जोडीला आणखी एक समज फिरतो, की हिवाळ्यात आपल्याकडे तिबेटी लोक विकतात ते स्वेटर त्यांनी हातानं विणलेले असतात. गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावजवळ तिबेटींची वसाहत आहे. देशभरचे तिबेटी स्वेटरवाले हंगामाआधी लुधियानाहून माल उचलतात, पुष्कळदा उधारीवर. तो धंदा भरवशावर चालतो, आणि त्यात लपवण्यासारखं काहीच नाही.

घरात चांगला विणलेला स्वेटर असेल तर उलटा करून गळपट्टी जोडलेली जागा बघा. लिंकिंग, म्हणजे टाक्याला टाका जुळवून केलेली जोडणी, असेल तर तिथे साखळीसारखा टाका दिसेल. लिंकिंग मशीनच्या गोल चकतीवर काटे असतात. कारागीर डोळे ताणून एकेका काट्यावर एकेक टाका चढवतो, मगच ती साखळी पडते. मजकुरात मालकांची कहाणी भरभरून आहे, या कारागिरावर एक ओळही नाही.