नियान राक्षस, माशांना भात आणि केकमधली चिठ्ठी

चिनी नववर्ष जवळ आलं की मराठी ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरू लागतो. ‘चीनचे सण ५००० वर्षांपासून जसेच्या तसे’ असं त्याचं शीर्षक. आत सांगितलेलं असतं की नववर्ष सुरू झालं नियान नावाच्या राक्षसामुळे, होड्यांच्या शर्यती सुरू झाल्या एका कवीने नदीत जीव दिला म्हणून, आणि मूनकेक (आठव्या महिन्याच्या पौर्णिमेचे गोल केक) आले मंगोलांविरुद्धच्या उठावाच्या चिठ्ठ्या लपवायला. शेवटी तात्पर्य: चिनी माणसाने बाहेरचं काही घेतलं नाही, आपण मात्र सगळं विसरलो. कोणी खवचटपणे पाठवतो, कोणी कळकळीने. कथा छान आहेत, चिनी घरांत मुलांना त्या सांगितल्याही जातात. पण सणांचा इतिहास म्हणून त्या टिकत नाहीत, कारण जवळपास प्रत्येक ठिकाणी रीत आधीची आहे आणि कथा नंतर येऊन तिला चिकटली आहे.

नियानपासून सुरू करू. वर्षाच्या अखेरच्या रात्री हा राक्षस समुद्रातून (काही मेसेजांत डोंगरातून) येई आणि माणसं खाई. तो लाल रंगाला, आगीला आणि आवाजाला भितो हे कळलं आणि तेव्हापासून फटाके व लाल कागद आले, अशी गोष्ट. अडचण अशी की चीनमध्ये रीतिरिवाजांच्या नोंदी हजारो वर्षं बारकाईने लिहिल्या गेल्या आणि त्या जुन्या नोंदींत हा प्राणी कुठेच नाही. तो छापील मजकुरात दिसतो तो थेट विसाव्या शतकात.

मग आवाज कशासाठी? सहाव्या शतकात जोंग लिन नावाच्या अधिकाऱ्याने मधल्या यांगत्से खोऱ्यातले वर्षभराचे रिवाज लिहून ठेवले. पहिल्या महिन्याच्या पहिल्या दिवशी कोंबडं आरवताच लोक उठतात आणि अंगणात बांबू फोडतात, असं तो सांगतो. हिरवा बांबू विस्तवात टाकला की पेरांमधली हवा तापून पेर फुटतं आणि मोठा आवाज होतो. दारूचे फटाके त्यानंतर काही शतकांनी आले. हा आवाज होता डोंगरातल्या एका पायाच्या बुटक्या भुतांसाठी. त्यांच्या वाटेला गेलं की माणसाला थंडीताप भरतो अशी समजूत होती. त्याहून जुना हान राजांचा (इ. स. पू. २०६ ते इ. स. २२०) दरबारी विधी बघा. वर्ष सरताना १२० मुलगे डोक्याला लाल फडकी बांधून उभे राहत, अस्वलाचं कातडं पांघरलेला आणि चार सोनेरी डोळ्यांचा मुखवटा घातलेला पुढारी त्यांच्यासह राजवाडाभर ओरडत फिरे, मग पेटत्या मशाली शहराबाहेर नेऊन लो नदीत फेकत. लाल रंग, आग, आरडाओरडा, सगळं इथे आहे. हाकलायची होती ती रोगराई. नियान नावाचं जनावर यात कुठे बसवायचं ते मेसेजवाल्याने सांगावं.

आणि ५००० वर्षांचं म्हणाल तर नववर्षाचा महिनासुद्धा स्थिर नव्हता. छिन राजवटीत वर्ष दहाव्या महिन्यापासून मोजत. आजचा पहिला महिना पक्का झाला तो हान सम्राट वू याच्या इ. स. पू. १०४ च्या पंचांगसुधारणेत.

आता छ्यू युआन. मला स्वतःला या मेसेजमधला सगळ्यात रंजक भाग हाच वाटतो. प्राचीन चीनमधल्या छू राज्याचा हा मंत्री आणि कवी. कारस्थानांमुळे हद्दपार झाला आणि परंपरेनुसार इ. स. पू. २७८ मध्ये हूनानमधल्या मिलुओ नदीत त्याने जीव दिला. मेसेज म्हणतो, लोक त्याला वाचवायला नावा घेऊन धावले म्हणून शर्यती. प्रेत माशांनी खाऊ नये म्हणून भात टाकला, तेच पानात बांधलेले झोंगझी. आणि हे घडलं पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, म्हणून दुआनवू सण.

छ्यू युआनचं सगळ्यात जुनं चरित्र सिमा छ्येन या इतिहासकाराने इ. स. पू. १०० च्या आसपास लिहिलं. त्यात कवी दगड कवटाळून नदीत उडी घेतो, एवढंच. दिवस नाही, नावा नाहीत, भात नाही. पण हाच सिमा छ्येन दुसऱ्या एका माणसाच्या चरित्रात पाच-पाचचा उल्लेख करतो. हा माणूस म्हणजे ची राज्यातला तियेन वन, पुढे मंगछांग या पदवीने ओळखला गेलेला. तो पाचव्या महिन्याच्या पाच तारखेला जन्मला म्हणून बापाने आईला सांगितलं, हे पोर वाढवू नकोस. आईने गुपचूप वाढवलं. मोठा होऊन तो बापासमोर आला तेव्हा बाप म्हणाला, या दिवशी जन्मलेलं मूल दाराच्या चौकटीएवढं उंच झालं की आईबापांचा घात करतं. पोरगा म्हणाला, मग चौकट उंच करून घ्या, तिथवर कोण पोचणार आहे! बाप गप्प.

हा मंगछांग छ्यू युआनच्या मरणाच्या आधीच म्हातारा होऊन गेलेला. म्हणजे तो दिवस अशुभ मानला जात होता, आणि त्याचं कवीच्या मृत्यूशी काही देणंघेणं नव्हतं. कारण अगदी साधं आहे. चिनी पाचवा महिना म्हणजे साधारण जून: उकाडा, दमटपणा, साथी, किडे. सणाचे जुने उपचार त्याच भीतीतून आलेले दिसतात. दारावर नागदवणा आणि वेखंड टांगायचं, मुलांच्या मनगटाला पाच रंगांचे दोरे बांधायचे, साप, विंचू, गोम, पाल आणि बेडूक या ‘पाच विषां’ची चित्रं काढायची. यातला कुठला उपचार बुडालेल्या कवीसाठी आहे?

झोंगझीही तसेच. तिसऱ्या शतकातल्या नोंदीत पानात बांधलेलं हे धान्य दुआनवूला आणि उन्हाळी अयनाला (वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी) खातात असं आहे, कवीचं नाव नाही. तो येतो सहाव्या शतकातल्या एका कथेत, आणि तिथेही मासे नाहीत! चांग्शाच्या एका माणसाला छ्यू युआनचं भूत भेटतं आणि तक्रार करतं, ‘तुम्ही बांबूच्या नळीत भात टाकता तो पाण्यातला ड्रॅगन पळवतो. यापुढे तोंडाला बकाण निंबाची पानं लावा आणि रंगीत दोऱ्याने बांधा, त्या दोन्हींना तो भितो.’ दोरे पुन्हा आलेच. अशुभ हाकलणारी वस्तू तीच राहिली, फक्त तिला कवीचा पत्ता मिळाला.

शर्यतींबद्दल तर जुन्या चीनचंही एकमत नव्हतं. छू भागात त्या छ्यू युआनच्या नावाने होत, वू भागात वू झिश्यू या सेनानीच्या नावाने, आणि काही जण त्यांचं नातं युए राज्याचा राजा गोउज्यान याच्याशी जोडत. जोंग लिन हे मतभेद नोंदवून मोकळा होतो. १९४० च्या दशकात वन यिदुओ या कवी-अभ्यासकाने तर हा सण मुळात दक्षिणेकडच्या लोकांच्या ड्रॅगनपूजेचा, असं मांडलं. ते सगळ्यांना पटलं नाही, पण सण कवीपेक्षा जुना हे अभ्यासकांत आता सर्वसाधारणपणे मान्य आहे.

मूनकेकची चिठ्ठी लवकर निकालात निघते. मंगोलांची युआन राजवट एका रात्रीच्या उठावाने पडलेली नाही. लाल फेटेवाल्यांचं बंड १३५१ मध्ये सुरू झालं, पुढची सतरा वर्षं बंडखोर मंगोलांशी आणि त्याहून जास्त एकमेकांशी लढले. १३६८ मध्ये बंडखोर नेता जू युआनजांग याचा सेनापती श्यू दा राजधानी दादूत (आजचं बीजिंग) शिरला तो आठव्या महिन्याच्या सुरुवातीला, म्हणजे पौर्णिमेच्या आधीच. मंगोल बादशहा त्याआधीच उत्तरेला पळाला होता. मग चिठ्ठीचे केक वाटायचे तरी कोणाविरुद्ध? मूनकेक आणि आठव्या महिन्याची ही चिनी शरद पौर्णिमा यांचा स्पष्ट संबंध मिळतो तो सोळाव्या शतकात. हांगझोऊ शहराबद्दल लिहिताना त्यान रूछंग हा लेखक सांगतो की या दिवशी लोक एकमेकांना मूनकेक देतात, कुटुंब एकत्र येण्याची खूण म्हणून. गोल चंद्र, गोल केक, गोल बसलेलं घर. कट नाही.

‘बाहेरचं काही घेतलं नाही’ हे वाक्य आपल्याकडून जावं याची गंमत वाटते. सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला चिनी लोक पितरांना आणि भुकेल्या प्रेतांना अन्न देतात. त्यामागची कथा मूलियेनची, म्हणजे बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन याची. आई प्रेतयोनीत गेलेली, तो तिला भात देतो, तोंडाशी नेताच त्याचे निखारे होतात. बुद्ध सांगतात, एकट्याने जमणार नाही, वर्षावास संपताना संघाला दान दे. पावसाळ्यात भिक्खूंनी एके जागी राहायचं हा भारतातला नियम, आणि तो संपण्याचा दिवस तिकडे पितरांचा दिवस झाला. तिथे पितरपूजा मुळात होतीच, म्हणून तर कथा रुजली.

मेसेजमध्ये एक ओळ कॅलेंडरची आहे: चिनी पंचांग निव्वळ चंद्रावर चालतं, म्हणून तारखा भरकटतात. चूक. ते आपल्यासारखंच चांद्र-सौर आहे. आपल्याकडे ज्या चांद्रमासात संक्रांत नसते तो अधिक मास, तिकडेही सूर्याच्या ठरावीक बारा टप्प्यांपैकी एकही ज्यात येत नाही तो अधिक. १९ वर्षांत असे सात. पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट करण्याचा छिंगमिंग तर पूर्ण सौर, दरवर्षी ४ किंवा ५ एप्रिलच्या सुमारास. फक्त दोन्हीकडचे अधिक मास एकाच वेळी येत नाहीत. २०२५ मध्ये चीनमध्ये सहावा महिना अधिक आला, आपल्याकडे नाही, म्हणून त्या वर्षी त्यांची शरद पौर्णिमा आणि आपली कोजागरी एकाच दिवशी आली, ६ ऑक्टोबरला. आदल्या वर्षी दोन्हींत महिन्याचं अंतर होतं.

राहिलं ‘जसेच्या तसे’. नववर्षाला ‘वसंतोत्सव’ हे नाव सरकारी रीतीने मिळालं १९१४ मध्ये, राष्ट्राध्यक्ष युआन शिकाईच्या काळात, कारण प्रजासत्ताकाने १ जानेवारीला नववर्ष केलं होतं आणि जुन्या सणाला दुसरं नाव हवं होतं. तेव्हाच दुआनवूला उन्हाळ्याचा, मूनकेकच्या पौर्णिमेला शरदाचा आणि हिवाळी अयनाला हिवाळ्याचा सण म्हणायचं ठरलं. ती तिन्ही नावं लोकांनी उचलली नाहीत. पुढे राष्ट्रवादी सरकारने जुन्या नववर्षावर बंदीच घालून पाहिली, लोकांनी जुमानली नाही. १९६७ मध्ये सांस्कृतिक क्रांतीत सुट्टी रद्द झाली, ती परतली १९८० च्या सुमारास. छिंगमिंग, दुआनवू आणि शरद पौर्णिमा यांना चीनमध्ये सार्वजनिक सुट्टी मिळाली २००८ मध्ये.