दुसरी पृथ्वी आणि बियाण्याची पिशवी

काल सकाळी आमच्या गावच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलं. 'ब्रेकिंग!! शास्त्रज्ञांना सापडली दुसरी पृथ्वी, तिथं समुद्रही आहे अन् जीवसृष्टीपण.' खाली फोटो, निळाशार समुद्र, हिरवेगार डोंगर, वर दोन चंद्र. दुपारपर्यंत तीसेक अंगठे पडले. एकानं विचारलं, तिथं एकरी काय भाव चाललाय.

आता मी पडलो वसमतकडचा, बीएस्सी फिजिक्स करून कृषी सेवा केंद्र टाकलेला माणूस (शिक्षण ताऱ्यांचं अन् धंदा युरियाचा, घरचे हेच म्हणतात), त्यामुळं असलं काही दिसलं की गप बसवत नाही. म्हणून हे लांबलचक लिहितोय, कंटाळा आला तर सरळ खाली स्क्रोल करा.

पहिली गोष्ट, तो फोटो फोटोच नाही. कुणीतरी बनवलेलं चित्र आहे. आतापर्यंत ६००० च्या वर परग्रह, म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह, पक्के झालेत पण त्यातले बहुतेक कुणी डोळ्यानं पाहिलेले नाहीत, नुसते त्यांचे परिणाम पाहिलेत. ग्रह ताऱ्याच्या समोरून गेला की ताऱ्याचा उजेड एक चिमूटभर कमी होतो. किती कमी, तर लांबून कुणी आपल्या सूर्याकडं बघत असंल अन् पृथ्वी आडवी गेली, तर दहा हजारातला एक भागसुद्धा धड कमी होत नाही. खळ्यावरच्या हॅलोजनसमोरून चिलट गेलं अन् ते कुणी दोन गावं पलीकडून मोजलं, असा हा कारभार. अन् तेवढ्यावरून त्याचा आकार काढायचा, वर्ष किती दिवसांचं ते काढायचं. मला तर ह्याच्यापुढं ते दोन चंद्रवालं चित्र लई फिकं वाटतं.

हे फॉरवर्ड म्हणजे बहुतेक के२-१८बी ची जुनीच बातमी नवीन कपड्यात. सिंह राशीतला ग्रह, १२४ प्रकाशवर्षं लांब, उजेडालाच पोचायला १२४ वर्षं लागतात. (म्हणजे तिथून आज कुणी दुर्बीण लावली तर त्याला मराठवाड्यात अजून निजामाचंच राज्य दिसंल, मुक्तिसंग्रामाची खबर पोचायला बराच टाइम आहे.) एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या टीमनं सांगितलं की अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीला ह्या ग्रहाच्या हवेत डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्या जवळचा एक वायू असल्याच्या खुणा दिसल्या. आपल्याकडं हा वायू मुख्यतः समुद्रातले बारीक जीव करतात. झालं, एवढ्यावर सगळ्या चॅनलवर एलियन आले.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. सोयाबीनच्या पिशवीवर चित्र कसं असतं, शेंगांनी लगडलेलं झाड, बाजूला हसणारा शेतकरी. पण आपण ते चित्र पेरत नाही ना. घरी ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवतो, गुंडाळतो, आठवड्यानं उघडून मोजतो. ७० च्या वर उगवले तर बी चांगलं. शास्त्रज्ञांची पण अशीच एक मोजणी असते, तिला सिग्मा म्हणतात. मधुसूदन यांचा सिग्नल होता तीन सिग्माचा, म्हणजे निव्वळ योगायोगानं असा आकडा यायची शक्यता हजारात तीन. ऐकायला भारी वाटतं. पण शोध लागला असं म्हणायला पाच सिग्मा लागतात, तिथं ती शक्यता लाखोंमध्ये एकवर येते. अन् हे त्यांनी स्वतःच सांगितलं होतं, अजून निरीक्षणं लागतील म्हणून. ते वाक्य मात्र कुठल्याच हेडलाइनमध्ये आलं नाही.

अन् ह्याच्यापेक्षा मोठी गोम पुढं आहे. गोणपाटात कोंब तर आला, पण तो सोयाबीनचाच की मधी मिसळलेल्या गवताच्या बियाचा? दुसऱ्या टीमनी तोच डेटा घेतला, वेगळ्या पद्धतीनं लावून बघितला, तर कुणी म्हणलं सिग्नलच धड दिसत नाही, कुणी म्हणलं दुसरे वायू धरले तरी हा सिग्नल जुळतो. वर आणखी, डायमिथाइल सल्फाइड ६७पी नावाच्या धूमकेतूवर पण सापडलंय, रोझेटा यानाच्या डेटात. धूमकेतूवर कोण बसलंय समुद्र घेऊन? म्हणजे जीव नसला तरी तो वायू तयार होऊ शकतो. अन् मुळात के२-१८बी वर समुद्र आहे का हेच नक्की नाही, वस्तुमान पृथ्वीच्या साधारण साडेआठ पट, पाय टेकवायला जमीन तरी असंल का ह्यावरच वाद चालूय.

मग लगेच दुसरी पार्टी उठते, 'बघा, सगळं खोटं निघालं, ह्यांना फक्त फंड पाहिजे.' ह्यांचा तर मला त्या फॉरवर्डवाल्यापेक्षा जास्त राग येतो. अरे बाबा, एकानं मोजलं, दुसऱ्यानं तेच दाणे परत मोजले अन् म्हणला तुझा आकडा मला पटत नाही, ह्याच्यात खोटं कुठं आलं? हेच तर काम आहे. दुकानदार म्हणून सांगतो, फेरमोजणीला जो घाबरतो त्याचंच बी बोगस असतं.

अन् 'पृथ्वीसारखा' हा शब्द तर काही दिवस बंदच करायला पाहिजे. पृथ्वीएवढा आकार अन् ताऱ्यापासून बरं अंतर, एवढं जमलं की पृथ्वीसारखा. अहो मग आपला शुक्र काय वाईट आहे, आकारानं जवळजवळ पृथ्वीएवढाच, शेजारीच राहतो, अन् जमिनीवर ४६० डिग्रीच्या वर तापमान. परभणीचा मे महिना त्याच्यापुढं एसी. ट्रॅपिस्ट-१ चं पण तसंच, ४० प्रकाशवर्षांवर एका बारक्या लाल ताऱ्याभोवती सात खडकाळ ग्रह, २०१७ मध्ये केवढा गाजावाजा झाला. वेबनं सगळ्यात आतला ग्रह बघितला तर हवेचा जाड थर काही दिसला नाही. चौथ्याचं, म्हणजे ई चं, अजून चालूय, हो पण नाही अन् नाही पण नाही. मला हे 'अजून चालूय' आवडतं, काय करता.

खरं तर मला सांगायचं होतं ते वेगळंच, फॉरवर्डमुळं फाटा फुटला.

मागच्या आठवड्यात आमच्याकडं लाईटचा रात्रीचा पाळा होता. रात्री साडेदहाला थ्री फेज येणार, म्हणून मी अन् अण्णा बॅटरी अन् काठी घेऊन हरभऱ्यात. अर्ध्या तासात लाईट गुल, डीपीवर फ्यूज उडाला. थंडी अशी की पाईपाला हात लावला की चटका बसल्यासारखा. धुऱ्यावर बसलो. अण्णांनी वर बघितलं अन् म्हणले, "तिकांडं डोक्यावर आलं की रं, बारा वाजत आले."

घड्याळ न बघता. तिकांडं म्हणजे मृगातले ते ओळीनं तीन तारे. मी म्हणलं अण्णा, त्याच्या खाली बघा, एक पुसट ढगासारखा डाग दिसतो का. बराच वेळ डोळे बारीक करून बघितलं त्यांनी. "हाय. पीठ सांडल्यावानी." तर त्या पिठात नवीन तारे जन्मतायत, आत्ता, म्हणजे आत्ता म्हणजे तो उजेड निघाला तेव्हा, साधारण १३५० वर्षांपूर्वी, वेरूळचं कैलास लेणं कोरायला सुरुवात पण झाली नव्हती.

अन् त्याच मृगाच्या दिशेला, साधारण १३०० प्रकाशवर्षांवर, हॉप्स-३१५ नावाचा एक तान्हा तारा आहे. २०२५ च्या जुलैमध्ये त्याच्यावरचं संशोधन आलं, वेब अन् चिलीमधली अल्मा दुर्बीण दोन्ही वापरून केलेलं. ताऱ्याभोवती तापलेल्या वायूची चकती आहे, अन् तो वायू थंड होताना त्यातून खनिजांचे पहिले बारके कण घट्ट व्हायला लागलेत. हेच कण पुढं एकमेकांना चिकटत जाऊन ग्रह होतात. म्हणजे ग्रह नाही, ग्रहाचं बी. पेरणी चालू असताना बघितल्यासारखं. इतक्या सुरुवातीची अवस्था आधी कुणाला दिसली नव्हती. ह्यात एलियन नाही, समुद्र नाही, म्हणून ग्रुपवर आलं नाही.

पुण्याचं पण नाही आलं. तिथल्या एनसीआरए ह्या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या राशी जैन अन् योगेश वाडदेकर ह्यांनी वेबच्याच डेटात अलकनंदा नावाची सर्पिल दीर्घिका, म्हणजे भोवऱ्यासारख्या आकाराचा ताऱ्यांचा प्रचंड समूह, शोधली, विश्व फक्त १५० कोटी वर्षांचं होतं तेव्हाची. एवढ्या लवकर एवढी नीटनेटकी घडी बसलेली दीर्घिका असंल असं वाटत नव्हतं, अन् ही तर वर्षाला साधारण ६० सूर्यांएवढे तारे घडवत होती. आपली माणसं, आपल्या राज्यातली. त्याला किती अंगठे? आमच्या ग्रुपवर शून्य, कारण टाकलंच कुणी नाही. मी पण नाही, कबूल.

अण्णांना हे सगळं सांगितलं धुऱ्यावर. ते ऐकत होते की डुलक्या घेत होते काय की. मधीच म्हणले, "मंग मृगाचा पाऊस तिथूनच येतो व्हय?" म्हणलं नाही, जूनमध्ये सूर्यच त्या नक्षत्रात असतो, तेव्हा तर हे तारे दिसतच नाहीत. "दिसत नाही तवाच आपून त्याची वाट बघतो म्हण की," अन् चादर अंगावर ओढून घेतली. फ्यूज टाकायला वायरमन काही आला नाही. पहाटेपर्यंत वाट बघून, निम्मा हरभरा कोरडाच ठेवून घरी आलो.

आज सकाळी त्या फॉरवर्डखाली ह्यातलं थोडं लिहून टाकलं, सिग्मा वगैरे गाळून. तिघांनी हात जोडले, एकानं 'मस्त माहिती सर' टाकलं, अन् त्याच्या खाली लगेच हळदीचा आजचा भाव.