मागून ठोकलं म्हणजे मागच्याचीच चूक?

गेल्या महिन्यात ईस्टर्न एक्सप्रेसवर विक्रोळीजवळ आमच्या पुतण्याची बाइक पडली. पुढच्या रिक्षाने हात दाखवणारा पॅसेंजर बघून मधल्याच लेनमध्ये कचकन ब्रेक मारला. हा रिक्षावर आदळून आडवा, आणि मागून आलेला टेम्पो त्याच्या घोट्यावरून. मी पोचेपर्यंत गर्दीचा निकाल लागला होता. "बाइकवाले असेच हो, अंतर ठेवत नाहीत." रिक्षा केव्हाच पसार. ट्रॅफिक तुंबलेलं, म्हणून बाइक उचलून कडेला, काचा पायाने बाजूला. पंचनामा करायला तोवर रस्त्यावर उरलं काय? थोडंसं ऑइल.

अंतर ठेवलं नाही हे मला मान्य आहे. पण म्हणून सगळं खापर त्याच्याच डोक्यावर?

कोईमतूरची एक केस मुद्दाम वाचा. २०१७ साली एका इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याची बाइक अचानक थांबलेल्या कारवर आपटली, तो पडला आणि मागची बस पायावरून गेली. पाय कापावा लागला. कारवाल्याचं म्हणणं, गरोदर बायकोला उलटी येत होती. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने वाटणी केली: कार ५० टक्के, बस ३० आणि मुलगा २०. हायवेवर मागच्यांना इशारा न देता गाडी थांबवणं हाच निष्काळजीपणा, कारण काहीही असो. मुलाचे २० टक्के कापूनही भरपाई ९१ लाखांच्या वर गेली. खालच्या न्यायाधिकरणाने तर कारवाल्याला साफ सोडलं होतं!

आणखी एक गंमत (गंमत कसली म्हणा). पुतण्याच्या मागे त्याचा मित्र बसला होता, त्याचं मनगट मोडलं. अपघात तोच, हिशोब वेगळा. पुतण्याच्या भरपाईतून त्याच्या चुकीचा वाटा कापला जाणार. मित्र नुसता बसलेला, त्याची चूक काय? ज्यांची चूक त्यांच्यापैकी कुणाही एकाकडून तो पूर्ण रक्कम मागू शकतो, मग त्यांनी आपसात काय ते बघून घ्यावं. २०१५ पासून सुप्रीम कोर्टाचं हे स्पष्ट आहे. हे मित्राच्या आईला सांगितलं तर म्हणाली, "भाऊजी, म्हणजे आम्ही तुमच्या पोरावर पण केस करायची?" मी चहा प्यायलो.

आता सगळं त्या रिक्षावर अडलंय. मित्राने पडल्या पडल्या एक फोटो काढलाय. त्यात रिक्षाच्या मागचं 'आईचा आशीर्वाद' स्वच्छ वाचता येतं. नंबर प्लेटवर मात्र टेम्पोवाल्याचा हात आलाय.