तुमचं कोण हाय?

"कुणाकडनं आलायसा?"

दारातल्या पोरानं विचारलं आणि मला क्षणभर वाटलं, आपण चुकून मंगल कार्यालयात शिरलो. तसं वाटायला जागा होती. पोराच्या छातीवर गुलाबी फीत, आत जरीच्या साड्यांची सळसळ, कुणाचं तरी बारकं पोर बुटाच्या लेसीत अडकून भोकाड पसरलेलं. अत्तरदाणी तेवढी नव्हती.

"तिकीट काढून आलोय," मी म्हणालो.

"ते हाय ओ काका. पण कुणाकडनं? कृष्णाकडनं का अर्जुनाकडनं?"

झालं होतं असं, की गेल्या रविवारी आमच्या कोल्हापुरात शाळा-कॉलेजातल्या पोरांनी 'सौभद्र' लावलं होतं. म्हणजे सुभद्रेच्या हरणाचं १८८२ सालचं संगीत नाटक, आणि कृष्ण सतरा वर्षांचा. मला दुसरं काही नको असतं. मोठ्यांचं संगीत नाटक मी बघतो, पण त्यात कधीकधी गवई आपली कीर्ती सांभाळत बसलेला असतो. पोरांना सांभाळायला काही नसतं. तान चुकली तर चुकते, लागली तर पोराचं पोरालाच आश्चर्य वाटतं, आणि ते त्याच्या तोंडावर दिसतं. त्या तोंडासाठी मी वीस-पंचवीस वर्षं दर उन्हाळ्यात, दर दिवाळीच्या सुट्टीत असली नाटकं शोधत हिंडतो. बायको म्हणते, "ह्यापेक्षा घरचं कपाट लावा."

दीडशे रुपये देऊन दोन दिवस आधी तिकीट काढलं होतं. सी रांग, नऊ नंबर. सी रांगेवर चिकटपट्टीनं कागद लावला होता: 'पालकांसाठी राखीव'. नऊ नंबरवर एक पर्स बसली होती. पर्सच्या मालकीणबाईंना तिकीट दाखवलं. त्यांनी ते वाचलंसुद्धा नाही. "आम्ही रुक्मिणीचे," एवढंच म्हणाल्या. द्वारकेतून आदेश आल्यावर आपण काय बोलणार? गुलाबी फीतवाल्यानं मला उचलून के रांगेत नेऊन ठेवलं. म्हणजे दीडशे रुपयांत सुभद्रेच्या आधी माझंच हरण झालं.

के रांगेत मावशी होत्या.

मावशींच्या मांडीवर भडंगाची पिशवी, पायाशी पाण्याची दोन लिटरची बाटली आणि हातात मोठा मोबाईल. आजूबाजूच्या दहा खुर्च्या त्यांच्याच गोतावळ्यानं भरल्या होत्या. मी बसतोय न बसतोय तोवर त्यांनी पिशवी पुढं केली. कोल्हापुरात ओळख नंतर, खाणं आधी.

"घ्या. तुमचं कोण हाय?"

"कुणी नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे कुणी नाही. मी नाटक बघायला आलोय."

मावशींनी माझ्याकडं नीट बघितलं. मग समजूतदार आवाजात म्हणाल्या, "व्हय, नाटकच बघायला आलोय सगळे. पण तुमचं कोण हाय त्यात?"

"कुणीच नाही ओ. मला संगीत नाटकं आवडतात."

"पोरगं? पोरगी?"

"मुलगा पुण्याला असतो. नोकरीला."

"मग नातवंडं?"

"अजून नाहीत."

"पुतण्या-भाचा?"

"नाही."

"शेजारचं?"

इथं मात्र मी थोडा डळमळलो. शेजारच्याचं पोर कीबोर्ड वाजवतं, पण ते ह्या नाटकात नव्हतं. तेही कबूल केलं. कोर्टातसुद्धा एवढी उलटतपासणी नसते. मावशी गप्प झाल्या. मग वळल्या, आणि मागच्या रांगेतल्या बाईंना म्हणाल्या, "ह्यांचं कुणीच न्हाई ओ."

हे वाक्य त्यांनी ज्या सुरात म्हटलं, तो सूर मी आयुष्यात विसरणार नाही. अनाथाश्रमाच्या देणगीला लावतात तो सूर. मागच्या बाईंनी "आगं बाई" केलं. त्यांच्या शेजारच्या गृहस्थांनी वाकून मला बघितलं. वाक्य एल रांगेतून एम रांगेत गेलं, तिथून कुठंतरी वळून पुढं आलं, आणि दोन मिनिटांनी जे रांगेतल्या एका आजी मागं वळून मला म्हणाल्या, "असू दे बाबा. देवाच्या मनात असंल तसं."

मी छप्पन्न वर्षांचा आहे. रेशमी कुर्ता घालून गेलो होतो. बँकेत मॅनेजर होतो. आणि के रांगेत बसून मी आजींना म्हणालो, "हो आजी." दुसरं काय म्हणणार?

आता इथं माझा एक राग आहे, तो सांगून घेतो. आमच्या खासबाग मैदानात कुस्ती लागली की माणूस मुंगीसारखं येतं. तिथं कुणी विचारतं का, पैलवान तुमचा कोण? पेठेचा फुटबॉल सामना असला की गोलकीपरच्या आईपेक्षा जास्त आरडाओरडा करणारे हजार जण असतात, आणि त्यातल्या एकाचंही गोलकीपरशी रक्ताचं नातं नसतं. मग गाण्यानंच काय घोडं मारलंय? हे गाव पेटीवाल्या गोविंदराव टेंब्यांचं. अल्लादियाखाँसाहेबांसारखे गवई इथं राहून गेले. देवल क्लब ही गाण्याची संस्था १८८३ पासून इथं आहे. शाहू महाराजांनी खासबागेच्या शेजारी पॅलेस थिएटर बांधलं, ते पुढं गायक-नट केशवराव भोसल्यांच्या नावानं ओळखलं गेलं. एका हाताला कुस्ती, एका हाताला नाटक, अशी सोय महाराजांनी करून ठेवली. ते केशवरावसुद्धा पोरवयातच 'शारदा' नाटकात शारदा होऊन गाजले होते. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत शिरले ते सतराव्या वर्षी, म्हणजे आमच्या ह्या कृष्णाच्याच वयाचे. जुलै १९२१ मध्ये मुंबईत ह्या दोघांनी मिळून 'मानापमान' केलं, तेव्हा दारात उभं राहून कुणी विचारलं असेल का, 'धैर्यधराकडनं का भामिनीकडनं?'

केशवरावांचं ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती. त्या रात्री मीही रस्त्यात उभा होतो, आणि गर्दीतली मोठी मोठी माणसं ढसाढसा रडत होती. त्यातल्या किती जणांनी मागच्या दहा वर्षांत स्वतःच्या पोराचं नसलेलं एक तरी नाटक तिकीट काढून बघितलं होतं, असं माझ्या मनात तेव्हाच आलं होतं. बोललो नाही. बोललो असतो तर मार खाल्ला असता, आणि तो योग्यच ठरला असता.

असो. इकडं पडदा गेला.

नांदी बरी झाली. ऑर्गनच्या जागी कीबोर्ड होता, आणि नारदाच्या प्रवेशाला वाजवणाऱ्याचं बोट भलत्या बटणावर पडलं. त्यामुळं देवर्षी त्रिलोकातून फिरत फिरत वरातीच्या ठेक्यावर आले. नारद एक मुलगी होती. ती जागची हलली नाही. ठेका बंद होईस्तोवर वीणा कवटाळून उभी राहिली आणि मग स्वच्छ आवाजात तिनं 'राधाधर मधुमिलिंद' सुरू केलं. मी तिथंच विकला गेलो.

"आमचा बाळ्या घटोत्कच हाय," मावशी माझ्या कानात म्हणाल्या. "भाचा. ह्यो नव्हं. ह्यो नारद."

"कळलं."

"राक्षस करालाय. तीन महिनं झालं घरात नुसता हाऽहाऽ करून फिरालाय. मी सांगतो तुम्हाला, म्हातारी सासू दोनदा दचकून पडता पडता वाचली."

मी मान डोलावली. नारदाची तान त्या मानेखालून निघून गेली.

"तुमचं कुणी न्हाई न्हवं," मावशी थोडा विचार करून म्हणाल्या, "मग आमचाच धरा की. बाळ्याला धरा तुमचा. त्याला काय हुतंय?"

एवढ्या मोठ्या मनानं आजवर मला कुणी राक्षस देऊ केला नव्हता. मी आभार मानले. पण कोल्हापुरात फुकट भाचा मिळत नाही. मावशींनी लगेच मोबाईल माझ्या हातात दिला. "माझा हात थरथरतोय. तुम्ही शूटिंग करा. बाळ्या आला की मी सांगतो. आडवा धरा."

मग सुभद्रा आली. सोळा वर्षांची असेल. शेलाटी पोर, नऊवारीला बहुतेक दहा-बारा पिना लावलेल्या, कारण प्रत्येक पावलाला ती जपून होती. आणि तिनं 'वद जाऊ कुणाला शरण' सुरू केलं. मला त्या गाण्याचं वर्णन जमणार नाही. एवढंच सांगतो, की पहिल्या ओळीला ती घाबरलेली होती, दुसऱ्या ओळीला ती घाबरल्याचं विसरली, आणि अंतऱ्यावर जाताना सुरांची एक जागा अशी घेतली की तबलजीनं मान वर करून तिच्याकडं बघितलं. शिकवलेली नव्हती ती जागा. आत्ता सुचली होती. मी ज्याच्यासाठी हिंडतो ते हेच.

गाणं संपलं. मी उठलो आणि ओरडलो, "वन्स मोअर!"

आख्ख्या सभागृहात एकटा.

टाळ्या पडत होत्या, नाही असं नाही. डावीकडच्या एका गटानं जोरात वाजवल्या, ते सुभद्रेकडचे. बाकीच्यांनी लग्नातल्या आहेराला वाजवाव्यात तशा. पोरीनं माझ्या दिशेनं बघितलं. मग कीबोर्डवाल्याकडं बघितलं. कीबोर्डवाल्यानं विंगेत बघितलं. विंगेत एक गृहस्थ मनगटावरच्या घड्याळाकडं बोट दाखवत होते. आणि ई रांगेतून एक उंच माणूस मागं वळून म्हणाला, "ओ पाव्हणं, वेळ किती झालाय बघा की! दहाला हॉल सोडायचा हाय. आमच्या श्रीकृष्णाचं पद कापलं तर तुम्ही देणार का भरून?"

"गप बसा ओ," मावशींनी माझा कुर्ता ओढला. "बाळ्याचा सीन ऱ्हायलाय अजून."

मी बसलो. ते पद परत झालं नाही. नाटक सुरू व्हायच्या आधी सत्कार, शाल, श्रीफळ आणि प्रमुख पाहुण्यांच्या बालपणीच्या आठवणी मिळून पन्नास मिनिटं गेली होती, तेव्हा विंगेतल्या गृहस्थांचं घड्याळ बहुतेक बंद होतं. हे मी हसत हसत लिहीत असलो तरी हसत हसत बघितलेलं नाही. पोरीच्या गळ्यात दुसऱ्या वेळी काय आलं असतं, ते आता कुणालाच कळणार नाही. तिलाही नाही.

"आला! आला! धरा!" मावशी किंचाळल्या.

लाल-निळ्या उजेडात घटोत्कच आला. मिशा गालांच्या बाहेर गेलेल्या, गदा त्याच्यापेक्षा थोरली, आणि राक्षस म्हणावा तर वजन पंचेचाळीस किलोच्या आत. हाऽहाऽ मात्र दणकून केलं. पुढं त्यानं निजलेल्या सुभद्रेला उचलून न्यायचं होतं. एकदा वाकला. दुसऱ्यांदा वाकला. तिसऱ्यांदा गदा बाजूला ठेवून, धोतर सावरून वाकला. सुभद्रा जागची अर्धी वीत हलली. शेवटी तिलाच दया आली. झोपेतच उठली, डोळे घट्ट मिटलेले ठेवले, राक्षसाचा हात धरला आणि दोघं शाळा सुटल्यासारखी विंगेत चालत गेली. जाताना तिनं त्याची गदासुद्धा उचलून घेतली.

मावशींच्या डोळ्यांत पाणी. "बघितलासा? कसा नेला!"

"भारी नेला," मी म्हणालो. खोटं बोललो नाही. नेली होती हे खरं, कुणी कुणाला हा तपशील.

मग त्यांनी मोबाईल घेतला आणि बघितलं. माझ्या हातात आला तेव्हा तो आधीपासूनच चालू होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घटोत्कच आला तेव्हा मी लाल बटण दाबलं ते बंद झालं, आणि तो गेल्यावर दाबलं ते चालू झालं. त्यामुळं मावशींच्या मोबाईलमध्ये माझ्या रेशमी कुर्त्याचं खालचं बटण सव्वीस मिनिटं होतं. पाठीमागं सुभद्रेचं गाणं, अगदी स्वच्छ. घटोत्कचाचा हाऽ नाही.

मावशी काही बोलल्या नाहीत. भडंगाच्या पिशवीला गाठ मारली. ती गाठ मला लागली.

बाळ्याचं काम झाल्यामुळं दहाही खुर्च्या उठल्या. "येतो ओ," मावशी जाताना म्हणाल्या. आवाज कोरडा, पण माया सुटलेली नव्हती. "तुमचं कुणी न्हाईच म्हटल्यावर तुम्ही तरी कशाला बसताय? गार वारं सुटलंय." त्यांच्या मागून नारदाकडचे उठले. मग बलरामाकडचे. प्रत्येक पात्र आत गेलं की बाहेर एक जीप सुरू झाल्याचा आवाज यायचा. कृष्णानं 'प्रिये पहा' म्हटलं, रात्र सरून उषःकाल होतोय असं रुक्मिणीला समजावलं, तेव्हा समोर कृष्णाकडचे आणि रुक्मिणीकडचे असे दोन गट, आणि मधे रिकाम्या खुर्च्यांचं वाळवंट. सी नऊवर पर्स अजून होती. मी के रांगेतच बसून राहिलो. कृष्णाचं पद कापलं गेलं नाही. छान म्हटलं पोरानं. मी वन्स मोअर दिला नाही, एवढा कोतेपणा मी केला.

नाटक संपल्यावर रंगपटाच्या दाराशी गेलो. त्या पोरीला एक वाक्य सांगायचं होतं: ती जागा फार सुंदर होती, विसरू नकोस. दारात तिची आई उभी होती, तोंडात पिना धरून. आत सुभद्रा मुकुट काढता काढता बटाटावडा खात होती.

"आपण कुणाकडनं?" आईनं पिनांच्या मधून विचारलं.

खरं उत्तर माझ्याकडं होतं. पण त्याचं पुढं काय होतं ते के रांगेत बघून झालं होतं.

"घटोत्कचाकडनं," मी म्हणालो. "मामा."

बाईंनी तोंडातल्या पिना हातात काढल्या.

"बरं झालं भेटला. अहो, तीन महिने तालीम केली पोरीनं, आणि ऐन वेळी तुमच्या पोराला उचलता येईना? सगळ्या पाहुण्यांसमोर चालत जायला लागलं तिला. काही खायला-प्यायला घालता की नाही त्याला घरात?"

"घालतो," मी म्हणालो. "उद्यापासून घालतो."