गॅलरीचं उन्हाळी आवर्तन

काल संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे काका आमच्या दारात आले ते हातात मेजरिंग कप घेऊनच. केकच्या सामानातला असतो तो, रेघा मारलेला प्लॅस्टिकचा. आत चहाच्या रंगाचं पाणी. मला वाटलं तीर्थ-बिर्थ आहे, मी ओंजळ पुढे केली.

"तुमचंच आहे," काका म्हणाले. "तुमच्या गॅलरीतून आलेलं. चाळीस मिनिटांत १८० मिली."

मे महिना, पश्चिमेची गॅलरी, कुंड्यांना पाणी घातलं की थोडं खाली ठिबकतं, इतकी साधी गोष्ट. ते खाली कशावर ठिबकतं, तर काकांच्या व्यायामाच्या सायकलवर, जिच्यावर मी आजवर काकूंचे गाऊन सोडून कोणी बसलेलं बघितलेलं नाही. साधा माणूस बेल वाजवून "पाणी गळतंय हो" म्हणाला असता, मी "बरं, बघते" म्हणाले असते, संपलं. पण हे काका पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत. नोकरीतली बरीच वर्षं कालव्यावर, शेवटी इंदापूरकडे.

"दिवसाला साडेसहा लिटर होतात," काका म्हणाले.

"काका, मी दिवसभर पाणी नाही घालत. सकाळी एकदा घालते."

"अंदाजपत्रक चोवीस तासांचंच धरतात."

यावर काय बोलणार? मी त्यांना आत बोलावलं, हे मात्र माझ्या आईच्या संस्कारांमुळे झालं आणि त्याबद्दल मी आईशी नंतर बोलणार आहे. काका सोफ्यावर न बसता थेट गॅलरीत गेले, हात मागे बांधून, धरणावर साहेब लोक पाहणीला येतात तसे. कुंड्या मोजल्या. प्रत्येक कुंडीशी वाकून "हे काय पीक?" विचारलं. मोगऱ्याला पीक म्हणलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

"मॅडम, तुम्ही हेडला आहात, मी टेलला. हेडवाल्यांनी कसंही पाणी सोडायचं आणि टेलवाल्यांनी भोगायचं, हे मी इंदापूरला फार बघितलंय." हेड म्हणजे कालव्याचं सुरुवातीचं टोक, टेल म्हणजे शेवटचं.

मी म्हणलं, "पण काका, टेलवाल्यांची तक्रार पाणी पोचत नाही अशी असते ना? तुम्हाला तर घरपोच मिळतंय."

हे त्यांना आवडलं नाही. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. रेघा आखलेल्या, वर निळ्या शाईत शीर्षक, 'उन्हाळी आवर्तन', म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी, आणि खाली कुंडी, पीक, मागणी, मंजूर असे रकाने. म्हणजे हा माणूस खाली बसून आमच्या गॅलरीकडे मान वर करून कुंड्यांच्या बुडांवरून अंदाज घेत होता, किती दिवसांपासून, देव जाणे. आणि तिथे उभ्या उभ्या वाटाघाटी सुरू झाल्या. तुळशीला त्यांनी लगेच मंजुरी दिली, धार्मिक कारणास्तव. कडीपत्त्याला आठवड्यातून दोनदा. मी म्हणलं एवढ्याशा कुंडीत या उन्हात वाळून जाईल हो, तर म्हणाले, "तो काय फळबागेत मोडतो का?" मोगऱ्याला एक दिवसाआड, त्यावर मी हट्टाला पेटले, कारण मोगरा मी जानेवारीत छाटलाय, पानं काढलीत, चार दिवस पाणी तोडून मग शेणखत घातलंय आणि आत्ता कुठे संध्याकाळी टपोऱ्या कळ्या मिळतायत, आत्ता त्याचं पाणी कापायचं म्हणजे कळ्या गळूनच पडायच्या. काका म्हणाले, ठीक आहे, वाढीव पाण्यासाठी नमुना नंबर सात भरून द्या.

मी हसले. ते हसले नाहीत. शेतकरी कालव्याच्या पाण्यासाठी खात्याकडे जो मागणी अर्ज करतात तो हा सात नंबर. काकांना तो खरंच हवा होता का, हे मला अजून कळलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. बोगनवेलीपाशी आल्यावर काका म्हणाले, "हिचं पाणी तोडा. ताण द्या," आणि ते शंभर टक्के बरोबर होतं. बोगनवेलीला रोज पाणी पाजलं की नुसती पानं माजतात, थोडी तहानलेली ठेवली की लगडते. डाळिंबवाले तेच करतात की, बागेचं पाणी महिना-महिना बंद ठेवतात, पानगळ करतात आणि मग पाणी सोडून बहार धरतात, आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार. काका हे सांगत असताना त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला क्षणभर ते आवडलेसुद्धा. मग त्यांनी खाली वाकून कुंडीच्या बुडाला बोट लावलं आणि म्हणाले, "गळती."

आता या गळतीचं सांगते, कारण ते काकांनी ऐकूनच घेतलं नाही. उन्हाळ्यात कुंडीतली माती, त्यात कोकोपीट असेल तर जास्तच, वाळून आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. चांगली करंगळी जाईल एवढी फट पडते. अशा कुंडीत तुम्ही झारीभर पाणी ओतलंत की ते त्या फटीतून सरळ खाली, भोकातून बाहेर, आणि मधला मातीचा गड्डा कोरडा ठणठणीत. आपण म्हणतो पाणी घातलं, झाड म्हणतं कधी? याला उपाय म्हणजे आधी वाटीभर पाणी घालायचं, दहा मिनिटं थांबायचं, माती जरा फुगली की मग उरलेलं सावकाश, आणि वर पालापाचोळ्याचं आच्छादन. म्हणजे एवढ्या कुंड्यांपुढे मी सकाळी दोन-दोन फेऱ्या मारायच्या, इकडे डबा भरायचा, तिकडे गॅसवर दूध, आणि वर खालून कोणी कप धरून बसलंय का तेही बघायचं.

"खाली ताटल्या ठेवा," काका म्हणाले. ठेवल्या होत्या! गेल्या पावसाळ्यात डेंग्यूच्या पाहणीवाले आले आणि ताटल्यांत टॉर्च मारून मारून बघत होते, साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात म्हणून मला भाषण, दंडाची धमकी, शेजारच्यांसमोर. त्यांचंही बरोबर आहे. पण ताटली ठेवली तर डासवाले आणि काढली तर काका, मग मी कुंडी डोक्यावर घेऊन उभी राहू का?

आणि इथून पुढे मला गंमत सुचत नाहीये. कारण आमच्या सोसायटीची वरची टाकी जवळपास रोज सकाळी ओव्हरफ्लो होते, पाइपातून धो धो पाणी पार्किंगमध्ये. पंप बंद करायला कोणाच्या लक्षात राहत नाही. काकांच्या शेजारचे गृहस्थ रोज, रोज म्हणजे रोज, होज पाइपने गाडी धुतात, गाडी ऑफिसला जाते आणि परत येते, तिला काय चिखल लागतो? मेमध्ये टँकर येतात त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये सगळ्यांच्याच माथी, आणि त्या टँकरच्या बोअरच्या जड पाण्याने माझ्या मातीच्या कुंड्यांना बाहेरून पांढरे क्षार फुटलेत ते वेगळंच. पुण्याच्या चार धरणांत मिळून २९ टीएमसीच्या आसपास पाणी मावतं, एक टीएमसी म्हणजे २,८०० कोटी लिटरच्या वर, हे मला कालच काकांनी तोंडी सांगितलं. त्यातलं कुठे कुठे काय मुरतं, काही पत्ता नाही. सापडलं ते माझं १८० मिली.

टाकीचा विषय मी काढला, तर काका म्हणाले, "ते बल्क मीटरिंगमध्ये येतं, माझा विभाग नाही." रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी विभाग शाबूत आहे!

नवरा या सगळ्या वेळात बेडरूममध्ये 'महत्त्वाच्या कॉलवर' होता. काका गेल्यावर बाहेर येऊन म्हणाला, "अगं, एसीचं पाणी घाल ना झाडांना, चांगलं असतं." मी तेच घालते, एप्रिलपासून. त्याच्या नाकासमोरून बादली उचलून नेते. पुरत नाही ते.

रात्री सोसायटीच्या ग्रुपवर आमच्या गॅलरीचा फोटो आला, कुंड्यांना लाल गोल करून. फोटोत मागे टाकीचा पाइप वाहताना स्पष्ट दिसतोय, त्याला गोल नाही. मग कमिटीने चर्चा केली, म्हणजे तिघांनी अंगठे दाखवले, आणि नियम झाला की गॅलरीतल्या झाडांना पाणी सकाळी सहा ते साडेसहा याच वेळेत घालावं. मी लिहिलं की नळाला पाणीच सव्वासातला येतं. सेक्रेटरींनी उत्तर दिलं, "आदल्या दिवशी भरून ठेवावे." त्याखाली काकांनी लिहिलं, "साठवण क्षमता कळवावी."